गोवर्धनच्या अमात्यापासून नाशिकच्या कलेक्टरपर्यंत

दिलेली जमीन कुणी कसत नाही, गाव ओस पडले आहे, तेव्हा भिक्षूंना दुसरी जमीन द्यावी. असा एक सरकारी हुकूम नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर कोरलेला आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याची आई यांच्या नावाने, कारकिर्दीच्या २४व्या वर्षी तो निघाला. ज्याला उद्देशून काढला तो श्यामक हा गोवर्धनचा अमात्य. नाशिकच्या पश्चिमेला आजही गोवर्धन नावाचे गाव आहे; त्या काळी तिथून आसपासच्या मुलखाचा कारभार चाले. आधी अमात्याचे आरोग्य विचारायचे आणि मग हुकूम सांगायचा, असा मजकुराचा रिवाज. काखडी गावात पूर्वी दिलेले शेत पडीक राहिले म्हणून शहराच्या शिवेवरच्या राजाच्या खासगी जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. तिच्यात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी कुणी खणू नये, प्रांताच्या अंमलदारांनी हात घालू नये, असे पुढे एकेक कलम आहे. तोंडी हुकूम लोटा नावाच्या प्रतिहारीने पोचवला, तीही नोंद आहे. ही लोटा बाई होती.

त्याच भिंतीवर सहा वर्षे आधीचा, १८व्या वर्षीचा हुकूम आहे. तो विजयी लष्कराच्या तळावरून आला आणि गोवर्धनच्या ज्या अमात्याला आला त्याचे नाव विष्णुपालित. पुढे गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या २२व्या वर्षी गोवर्धनच्या गादीवर तिसराच माणूस दिसतो, शिवस्कंदिल. तिघांचे एकमेकांशी नाते असल्याचा मागमूस नाही. त्यावरून अभ्यासकांनी अनुमान बांधले की सातवाहनांच्या राज्यात अमात्य हे पद वंशपरंपरेने चालत नव्हते. माणसे बदलली जात. प्रांत सांभाळणाऱ्या माणसाविषयी आपल्या जिल्ह्यातला हा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका पुरावा, आणि मला तो शेकडो लढायांच्या वर्णनांपेक्षा मोलाचा वाटतो. राज्य कसे चालते ते पडीक शेताच्या फाइलीत कळते.

गौतमीपुत्राच्या आधी याच मुलखावर नहपानाचा अंमल होता. त्याचे बिरुद क्षत्रप. हे पद इराणच्या सम्राटांच्या प्रांताधिकाऱ्याचे. दूरच्या बादशहासाठी प्रांत राखणारा आणि कर पाठवणारा तो क्षत्रप. पण पांडवलेण्यांतल्या लेखांत नहपान राजा म्हणवतो आणि स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडतो. त्याचा जावई उषवदात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवतो आणि व्याजातून भिक्षूंच्या चिवरांचा खर्च भागवतो. दोन हजारांवर महिना एक टक्का, एक हजारावर पाऊण टक्का, इतका चोख हिशेब दगडात आहे. गोदाकाठच्या जोगलटेंभीला १९०६ साली नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी नहपानाची, त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. ज्याच्या नावाने पैसा चालतो त्याचाच मुलूख, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते.

म्हणजे एकाच खोऱ्यात, शंभर वर्षांच्या आत, प्रांताधिकाऱ्याची दोन रूपे. एक बदली होणारा, हुकूम झेलणारा, पडीक शेताचा निकाल लावणारा. दुसरा पदाचे नाव तेच ठेवून राजा झालेला. पुढची दोन हजार वर्षे ही दोन टोके आणि त्यांच्यामधली ओढाताण आलटून पालटून दिसत राहते. पिंपळगाव बसवंतला राहणाऱ्याला तर ती ओढाताण एका रस्त्यावर पाहता येते. मुंबई–आग्रा महामार्गाने तीसेक किलोमीटर खाली गेले की नाशिक आणि त्याची लेणी; साधारण तेवढेच वर गेले की चांदवड, तिथे होळकरांचा रंगमहाल; आणखी पुढे मालेगाव, नारो शंकराचा भुईकोट. द्राक्ष आणि टोमॅटोच्या गाड्या रोज या तिन्ही ठिकाणांवरून जातात.

सुभेदार का फुटतो, याचे ठरलेले उत्तर महत्त्वाकांक्षा हे आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. या मुलखाचा इतिहास जितका पाहावा तितके दिसते की प्रांत हातचा जातो तो बहुतेक वेळा राजधानीनेच गहाण टाकलेला असतो. तिजोरीत पैसा नसला की राजधानी फौज आणि वसूल एकाच माणसाच्या हवाली करते, हिशेब मागणे सोडते आणि बदली थांबवते. मग एका पिढीत अधिकारी जातो आणि घराणे उरते.

बहमनी राज्य याला थोडा अपवाद, म्हणून ते आधी सांगतो. चौदाव्या शतकात त्या राज्याचे चार तरफ, म्हणजे प्रांत, केले होते. त्यांत आपला मुलूख दौलताबादच्या तरफात. तरफदाराकडे फौज, किल्ले, वसूल, नेमणुका सगळे असे. वजीर महमूद गावानने हा धोका ओळखला. त्याने चाराचे आठ तरफ केले, दौलताबादमधून जुन्नर वेगळे काढले, प्रत्येक तरफात एकच किल्ला तरफदाराकडे ठेवला आणि बाकीच्या किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमले. काही जमीन खालसात घेऊन तिचा वसूल परस्पर बीदरला येईल अशी तजवीज केली. कागदावर यापेक्षा नेटकी व्यवस्था दुसरी सुचणार नाही. पण ज्यांचे हात बांधले त्यांनीच कारस्थान रचले आणि १४८१ साली सुलतानाने गावानला ठार मारवले. नऊ वर्षांनी जुन्नरच्या तरफाचा मलिक अहमद स्वतंत्र झाला; त्याची निजामशाही. इथे कारण रिकाम्या तिजोरीचे नव्हते. हात बांधणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची धमक राजधानीत नव्हती.

मोगलांनी हा प्रश्न सर्वांत बारकाईने सोडवला. अकबराने १५८० साली राज्याचे बारा सुभे केले; दख्खनेतले खानदेश, वऱ्हाड आणि अहमदनगर धरून पुढे पंधरा झाले. सुभेदाराकडे फौज आणि बंदोबस्त. वसूल मात्र दिवाणाकडे, आणि हा दिवाण सुभेदाराचा नोकर नव्हे. त्याची नेमणूक दरबारातून, त्याचा जबाब शाही दिवाणाला. फौजेच्या हजेरीचे काम बक्षीकडे. शिवाय सुभ्यात काय घडते ते बादशहाला परस्पर लिहिणारा वाकेनवीस. तलवार, थैली आणि लेखणी तिघांच्या हातांत. सुभेदाराला एका जागी फार वर्षे ठेवायचे नाही, हा दंडक वेगळाच.

औरंगजेब दोनदा दख्खनचा सुभेदार होता. दुसऱ्या खेपेला, १६५२च्या नेमणुकीनंतर, त्याची आणि शाहजहानची पत्रापत्री वाचली तर तिच्यात सारखा पैशाचा विषय निघतो. दख्खनेतल्या जहागिरी कागदावर दाखवलेला वसूल देत नव्हत्या, फौजेचा खर्च भागत नव्हता आणि बापाला वाटे मुलगा नीट कारभार करीत नाही. याच काळात दिवाण मुर्शिद कुली खानाने जमिनीची पाहणी, पिकांप्रमाणे धारा, ओस गावांत पुन्हा वसाहत, बैल-बियाण्यासाठी तगाई असे काम उभे केले. तगाई आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत सगळ्या शेतकऱ्यांच्या तोंडी होती. सुभेदार कोण होता हे लोक विसरतात. दिवाणाने घालून दिलेली रीत तीनशे वर्षे टिकते. आणि १६५८ साली हाच सुभेदार दख्खनची फौज घेऊन उत्तरेत गेला आणि बादशहा झाला. बापाच्या हयातीतच.

ही चौकट खिळखिळी झाली ती जहागिरी पुरेनाशा झाल्यावर. वाटून द्यायला पिकता मुलूख उरला नाही, मनसबदार मात्र वाढत गेले. निजामुल्मुल्क दख्खनचा सुभेदार होता, मध्यंतरी दिल्लीत वजीर झाला, तिथल्या कारभाराला विटून परत फिरला. दिल्लीने त्याच्याविरुद्ध मुबारिझखानाला उभे केले. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४मध्ये लढाई झाली, मुबारिझ पडला, आणि बादशहाने पुढे त्याच निजामाला आसफजाह किताब देऊन सुभेदारी कायम केली. निजामाने स्वतःला राजा म्हणवले नाही. खुतबा बादशहाचा, नाणे बादशहाचे, नेमणुका आणि वसूल मात्र स्वतःचे.

सुभेदाराच्या अधिकाराचा त्याने कसा उपयोग केला पाहा. शाहू महाराजांना १७१९च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली होती. निजामाने हरकत काढली की छत्रपती दोन, सातारचे आणि कोल्हापूरचे. खरा हक्कदार कोण हे सुभेदार म्हणून मी ठरवीन, तोवर पैसा थांबेल. फेब्रुवारी १७२८मध्ये थोरल्या बाजीरावांनी पालखेडला त्याला पाण्यावाचून कोंडले तेव्हा ही हरकत मिटली. (आपल्या धरणाचे पालखेड ते हे नव्हे, लढाईचे पालखेड वैजापूरजवळचे. आमच्याकडे ही गल्लत नेहमी होते.) मराठ्यांचे यश मोठेच होते. पण तह झाला मुंगी-शेवगावला, आणि त्यात मराठ्यांनी मागितली ती बादशाही सनदेतलीच रक्कम. पुढे १७४१ साली माळवा मराठ्यांच्या ताब्यात गेला तेव्हाही बादशहाने तो दिला कसा? शाहजाद्याला नावाचा सुभेदार करून नानासाहेब पेशव्यांना त्याचा नायब सुभेदार केले.

मराठ्यांच्या स्वतःच्या राज्यात या प्रश्नाचे सर्वांत कडक उत्तर शिवाजी महाराजांनी दिले होते. पगार रोख, जहागीर शक्यतो नाही. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, एकमेकांवर लक्ष ठेवणारे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांबद्दल जो इशारा दिला तो याच शिस्तीचा वारसा. औरंगजेबाशी पंचवीस वर्षांच्या झुंजीत मात्र रोख पैसा उरलाच नाही. सरदारांना मुलूख जिंकून खा म्हणावे लागले. तिथून सरंजाम आला.

चांदवडचा रंगमहाल या सरंजामाची खूण. मल्हारराव होळकरांना लोक सुभेदार म्हणत, आणि माळव्यात ते सुभेदारीच करीत. पण वसूल त्यांचा, फौज त्यांची आणि पुण्याला जायची ती ठरलेली रक्कम आणि लढाईच्या वेळी पथके. १७६६ला मल्हारराव गेले, वर्षभरात नातू मालेरावही गेले. दौलत आता सरकारात यावी म्हणून राघोबादादा फौजेनिशी माळव्यात उतरले. अहिल्याबाई ठाम उभ्या राहिल्या आणि माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. लष्कर तुकोजी होळकरांकडे, कारभार बाईंकडे. पदाच्या नियमाने पाहिले तर सुभा त्या दिवशी कायमचा घराण्याचा झाला. पण पुढची अठ्ठावीस वर्षे माळव्यात जो कारभार झाला त्याला त्या काळात तोड नव्हती. घराण्याच्या हाती गेलेला प्रांत वाईटच चालतो असे म्हणणाऱ्याने अहिल्याबाईंचा दाखला विचारात घ्यायलाच हवा. त्या मात्र एकच होत्या, आणि त्यांच्यासारखी दुसरी व्यक्ती मिळण्याची सोय व्यवस्थेत नव्हती.

पेशव्यांच्या खास ताब्यातल्या मुलखात, म्हणजे आपल्याकडच्या परगण्यांत, वेगळी रीत होती. तिथे कमाविसदार किंवा मामलतदार. वर्षाच्या सुरुवातीला पुण्याच्या हुजूर फडातून त्याला बेहेडा मिळे: अमुक परगण्यातून अमुक जमा अपेक्षित, त्यातून देवस्थानाला इतके, किल्ल्याच्या शिबंदीला इतके, मामलतदाराच्या पगाराला इतके, बाकी हुजुरात. वर्ष सरले की त्याचा ताळेबंद पुण्याला जाऊन बेहेड्याशी पडताळला जाई. शिवाय मामलतदाराच्या कचेरीतच मजमूदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरखदार असत. त्यांच्या जागा वंशपरंपरेच्या. मामलतदार त्यांना काढू शकत नसे आणि त्यांच्या निशाणीवाचून हिशेबाचा कागद पुरा होत नसे. मोगलांनी थैली आणि तलवार वेगळी केली होती; पेशव्यांनी मामलतदाराच्या अवतीभोवती न हलणारी माणसे बसवली. वरकड कमाईही होती, तिला अंतस्थ म्हणत, आणि फडाला तिचा वास असेच.

याच यंत्रणेत तिच्या नाशाचे बीजही होते. मामलतदाराकडून सरकार हंगामाआधीच रसद घेई, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि ती तो व्याजासकट वसुलातून फेडून घेई. हात तंग नसताना हे सोयीचे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात मात्र मामलती इजाऱ्याने, जो जास्त बोली करील त्याला, वर्षावर्षाच्या कराराने देऊ लागले. इजारदार तीच मामलत पुढे तुकड्यांनी पोटइजाऱ्याने देई. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेला माणूस विहिरीला तगाई कशाला देईल? पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात या इजाऱ्याच्या झळांचे सविस्तर वर्णन आहे. तो परका आणि जेता होता, हे धरूनही ते पटते, कारण नाना फडणिसांच्या वेळच्या व्यवस्थेचे त्याने कौतुकही केले आहे.

पदाचे नाव आणि पदाची सत्ता यांच्यातल्या अंतराची सर्वांत मोठी किंमत मोजली झाशीने, आणि ती गोष्ट मालेगावशी जोडलेली आहे. मालेगावचा भुईकोट आणि पंचवटीतले घंटेचे देऊळ ज्यांचे, ते नारो शंकर राजेबहाद्दर १७४२पासून पेशव्यांचे झाशीचे सुभेदार होते. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले, आणि १७५७ साली पुण्याने त्यांना परत बोलावले. ते परत आले. प्रांत उभा करणाऱ्या माणसाची बदली होऊ शकत होती, तोवर राजधानीचा हात प्रांतावर होता. त्यांच्यानंतर दोन-तीन सुभेदार झाले आणि मग रघुनाथ हरी नेवाळकर आले. तिथून बदली थांबली. भावाला, मग नातवाला अशी सुभेदारी घरातच फिरली. १८१७मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरचे हक्क कंपनीला दिले, कंपनीने नेवाळकरांची गादी वंशपरंपरेची मानली आणि १८३२ साली त्यांना राजा हा किताब दिला. नोव्हेंबर १८५३मध्ये गंगाधरराव वारले. दत्तक नामंजूर करताना गव्हर्नर-जनरल डलहौसीने जो मुद्दा पुढे केला तो असा की हे मुळात पेशव्यांचे सुभेदार. त्यांचा अधिकार दिलेला होता, म्हणून देणाऱ्याच्या वारसाला, म्हणजे कंपनीला, तो परत घेता येतो. राणी लक्ष्मीबाईंचे राज्य १८५४ला खालसा झाले ते पेशव्यांच्या एका जुन्या नेमणूकपत्राच्या आधारावर. पेशव्यांनी नारो शंकरांना परत बोलावले तो राज्याचा अधिकार होता. डलहौसीने तोच अधिकार सांगून, स्वतःच मान्य केलेल्या राजाचे राज्य गिळले. दोन्हीला एकाच मापाने मोजता येणार नाही.

इंग्रजांनी इजारा बंद केला, मामलतदाराला पगारी केले आणि त्याच्यावर कलेक्टर बसवला. मोगलांनी कष्टाने वेगळे केलेले अधिकार इथे पुन्हा एकत्र आले: वसूलही त्याचा आणि फौजदारी हुकूमतही त्याचीच. इतकी सत्ता एकाला देणे त्यांना परवडले, कारण पगार चोख होता, बदली नियमित होती आणि १८७०पासून मुंबई समुद्रातल्या तारेने लंडनशी जोडली गेली. मुंबईचा गव्हर्नर त्याआधी महिनोन्‌महिने स्वतःच्या अकलेने राज्य करी. तारेनंतर त्याला दिवसाच्या आत जाब विचारता येऊ लागला. नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ साली, म्हणजे इथले कलेक्टर आणि ती तार बरोबरीचेच. साम्राज्य एका माणसात किती एकवटले होते ते २१ डिसेंबर १९०९ला दिसले. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांच्या दृष्टीने समोर सरकारच उभे होते.

आज राजभवनातले राज्यपाल हे सुभेदाराचे वारस, असे पुष्कळांना वाटते. रचना पाहिली तर ते पटत नाही. सुभेदाराकडची फौज राज्यपालांकडे नाही, दिवाणाकडची थैली नाही. त्यांच्याकडे आले ते १९३५च्या कायद्याने गव्हर्नरला दिलेल्या अधिकारांचे शेष. त्या कायद्याच्या ९३व्या कलमाने, १९३९च्या अखेरीस खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर, मुंबई प्रांताचा सगळा कारभार गव्हर्नरने हाती घेतला होता. राज्यघटनेतले ३५६वे कलम त्याच कुळातले. घटना समितीत आधी राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा असे ठरत होते. १९४९मध्ये ते बदलले. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे एका प्रांतात नकोत, हे त्यामागचे मोठे कारण. म्हणून राज्यपाल राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंत पदावर असतात, आणि ती मर्जी म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची. कुणाचा माणूस म्हणून त्यांनी वागावे, हा वाद त्या एका निर्णयातून आजवर निघतो आहे.

विष्णुपालित आणि श्यामक यांचा खरा वारस नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात बसतो. गारपिटीचे पंचनामे, पडीक इनामांचे दावे, टंचाईतले टँकर, निवडणूक, महामार्गाचे भूसंपादन ही त्याची कामे. त्याच्या बदलीसाठी आता कायदाच आहे: महाराष्ट्राच्या २००५च्या अधिनियमात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे ठेवला आहे. मुदतीआधी हलवायचे तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरची मान्यता घ्यावी लागते. मोगलांच्या वेळी दिल्लीला सुभेदार एका जागी फार काळ राहण्याची धास्ती होती. आजच्या कायद्याला चिंता उलटी आहे, अधिकारी नीट बसायच्या आत उचलला जाण्याची. निफाड तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याचा भूसंपादनाचा दावा तीन अधिकाऱ्यांच्या टेबलावरून फिरला आहे, त्याला या कलमाचे मोल कुणी समजावून द्यावे लागत नाही.